कोळपे गुरुजींचं कोरडं भांडं

तुमच्या गावच्या सरकारी शाळेत पर्यावरण शिकवतात, हे मला माहीत आहे. भिंतीवर रंगवलेलं झाड मी एसटीच्या खिडकीतून पाहिलं आहे. मला एवढंच सांगा, गेल्या वर्षी त्या शाळेच्या छपरावर पाऊस किती पडला?

‘बरा पडला’ नको. ‘मागच्यापेक्षा कमीच’ नको. किती?

माहीत नाही ना? काही हरकत नाही. शाळेच्या हेडमास्तरांनाही माहीत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांनाही नाही, आणि ज्या मंत्र्यांनी पर्यावरणाचं शिक्षण खेडोपाडी पोचल्याचं जाहीर केलं त्यांना तर असा प्रश्न असतो हेच माहीत नाही. माहीत असलेला एक माणूस मला भेटला होता. त्याचं आपण काय केलं, ते सांगते.

बिरू कोळपे, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक. गाव वडूजच्या पूर्वेला, माळावरची एक वाडी. वाडीचं नाव सांगत नाही. टँकरच्या यादीतून ते एकदा गळालं होतं, उगाच कुणाच्या डोळ्यांवर येऊन पुन्हा गळायला नको. वाडीत त्यांना कोळपे गुरुजी कुणी म्हणत नसे. ‘किती गुरुजी’ म्हणत. कारण कुणी म्हणालं, “गुरुजी, आवंदा लय ऊन,” की गुरुजी थांबायचे, खांद्यावरची शबनम सावरायचे आणि विचारायचे, “लय म्हंजे किती?” समोरचा हसायचा. गुरुजी हसायचे नाहीत. ते उत्तराची वाट पाहायचे. त्या वाट पाहण्यामुळे गावातली निम्मी माणसं त्यांना बघून बोळ बदलत.

अंगात पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, डोक्याला टोपी. शबनममध्ये रुमालात गुंडाळलेलं काचेचं मापनपात्र. दुसरी माणसं चष्मा जपतात तसं ते जपायचे. शाळेच्या अंगणात त्यांचं पर्जन्यमापक उभं होतं. वडूजच्या पत्र्याच्या कारागिराकडून करून घेतलेलं, वर नरसाळं, खाली नळकांडं, आत बाटली. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण, कारण वाडीतल्या शेळ्यांना विज्ञानाची आवड होती. रोज सकाळी साडेआठला गुरुजी मुलांना घेऊन कुंपणात शिरत. मोजायचं मुलांनी, वाचायचं मुलांनी, वहीत लिहायचं मुलांनी. गुरुजींनी फक्त विचारायचं, “किती?”

खटाव तालुक्याचा तो पूर्व भाग तुम्ही पाहिला असेल, तर वर्षातले बहुतेक दिवस उत्तर काय येत असेल हे सांगायला नको. एकदा तिसरीतल्या एका मुलीने लागोपाठ वीस दिवस शून्य लिहिल्यावर एकविसाव्या दिवशी लिहिलं, ‘दोन.’ गुरुजींनी बाटली पाहिली. कोरडी.

“दोन कुठनं आलं गं?”

“गुरुजी, रोज रोज शून्य लिवायला लाज वाटतीया.”

“तुला? तू काय पाऊस पाडतीस व्हय? लाज वाटायची तर त्येला वाटू दे.” गुरुजींनी आभाळाकडे बोट केलं. “शून्य ही नोंद हाय. खोड आन् लिही.”

तिने खोडून लिहिलं. ती वही मी पाहिली आहे. दोनावरची रेघ आणि शेजारचं शून्य, दोन्ही दिसतात. गुरुजींच्या शाळेत खाडाखोड करायला बंदी नव्हती. झाकायला होती.

गुरुजींचे वडील मेंढपाळ. दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणच्या अंगाला उतरायचे, पावसाच्या आधी माळावर परत. “आमचा बा म्हणायचा, मेंढरं दाटीनं बसली की दोन दिसात पाऊस. मी सहा वर्षं लिहून ठेवलं, मेंढरं कवा दाटली, पाऊस कवा पडला.”

“मग?”

“मेंढरं थंडीनं दाटायची.”

“वडलांना सांगितलंत?”

“न्हाई.” गुरुजींनी मापनपात्र पुसलं. “त्येंच्या मेंढरांचा कुणाला तरास न्हवता.”

या माणसाची आणि माझी गाठ पडली सांगलीत. गावभागात वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, लहानसा छापखाना होता. मी पत्रकांवर वाढले. आमच्याकडे मोर्चाच्या पत्रकांच्या पाठीवर पापड वाळायचे, आणि मला मुळाक्षरं ‘धिक्कार’ या शब्दापासून ओळखू यायला लागली. कॉलेज संपवून मी छापखान्यातच बसत होते आणि एका साप्ताहिकात महिन्यातून दोनदा सरकार उलथवत होते. सरकारला ते अजून कळलेलं नाही.

एका दुपारी गुरुजी आले. शबनममधून फुलस्केप कागद काढले. अण्णांनी विचारलं, “काय छापायचंय?”

“विधेयक.”

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. “गुरुजी, आमच्याकडं तीन गोष्टी छापतात. लग्नपत्रिका, श्रद्धांजली आणि क्रांती. यातलं काय धरू?”

गुरुजींनी खरोखर विचार केला. “क्रांतीला कागद कुठला लागतो?”

“सगळ्यात हलका.”

“मग त्यो चालंल.”

कागदावर सुवाच्य मास्तरी अक्षरात लिहिलं होतं, ‘राज्यातील सार्वजनिक शाळांतून हवामान व हवामानातील बदल शिकविण्याबाबत विधेयक.’ पाच कलमं. प्रत्येक सरकारी शाळेत एक पर्जन्यमापक आणि एक तापमापक असावा. मोजणी मुलांनी करावी, शिक्षकांनी करू नये. वर्षाची नोंद ग्रामसभेत वाचून दाखवावी. पाचवीपासून पुढे पृथ्वीची हवा का तापत चालली आहे ते शिकवावं, आणि त्याआधी आपल्या अंगणातली हवा मोजायला शिकवावं. पाचवं कलम मला पाठ आहे: ‘कोणत्याही शाळेस आपली नोंद समाधानकारक असावी, अशी सक्ती करता येणार नाही.’

मला चौथं कलम फार मवाळ वाटलं. छपाईचे खिळे जुळवताना मी त्यात आपल्या पदरचं एक वाक्य घातलं, ‘धुराड्यांतून विष ओकणाऱ्या भांडवलदारांनो, खबरदार!’ गुरुजींनी प्रूफ वाचलं. माझ्याकडे पाहिलं.

“धुराडी किती?”

“म्हणजे?”

“मोजलीस का, पोरी?”

मी वाक्य काढलं. उद्गारचिन्ह मात्र मी हट्टाने दोन दिवस ठेवलं होतं. तेही गेलं.

मी विचारलं, “गुरुजी, तुमच्या बारा वर्षांच्या नोंदी आहेत. हवामान बदललंय, असं सरळ लिहून टाका ना. लोक पेटतील.”

“बारा वर्षांवरनं तसं म्हणता येत न्हाई. तीस लागतात.”

“मग तीस होईपर्यंत थांबणार?”

“मी चार वर्षांत रिटायर हुतोय.” त्यांनी बोटं मोजली नाहीत, हिशोब आधीच झालेला होता. “बारा आन् चार सोळा. मी काय तीस वर्षं पुरत न्हाई. माझ्यामागनं येणारा मास्तर भांडं कपाटात टाकंल. म्हणून कायदा पायजे. कायदा म्हंजे काय, तर माझ्यामागनं येणारा मास्तर.”

कायद्याची इतकी सोपी व्याख्या मी कुठल्या पत्रकात वाचली नव्हती. पत्रकात कायदा मोडायचा असतो.

आता विधेयक मांडायला आमदार लागतो. आमदारसाहेब साताऱ्याच्या विश्रामगृहात भेटले. मी साप्ताहिकाच्या वतीने बरोबर गेले होते. साहेब उसाच्या पट्ट्यातले. पाऊस पडला काय, न पडला काय, त्यांच्याकडे कालव्याला पाणी असायचं. त्यांनी आमचा हलका कागद दोन बोटांनी उचलला, मथळा वाचला आणि गुरुजींच्या पाठीवर थाप मारली.

“वा गुरुजी! लय आनंद झाला.”

मी डोळे मिटले. पण व्हायचं ते झालंच.

“किती?” गुरुजी म्हणाले.

भोवतीच्या माणसांनी आधी साहेबांकडे पाहिलं, मग साहेब हसले, मग सगळे हसले. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांना खरोखर काहीतरी मांडायचं होतं, कारण मागच्या अधिवेशनात त्यांनी तोंड फक्त हुरड्यासाठी उघडलं होतं, असं विरोधी पॅनेल सांगत फिरत होतं. ते म्हणाले, “अशासकीय विधेयक म्हणून मांडतो. पण आधी शिक्षण खात्याचा अहवाल पाहिजे. पाहणी होऊ द्या. तुमच्या नोंदी खऱ्या आहेत एवढं खात्याने लिहिलं, की मी सभागृहात उभा राहिलो समजा.”

परत येताना एसटीत गुरुजी एकच वाक्य बोलले. “नोंदी खऱ्या हायत, तवा झालंच की काम.”

बारा वर्षं साडेआठला कुंपणात शिरणारा माणूस इतका भाबडा असू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पाहणी ठरली एप्रिलात. खात्याचे एक साहेब आणि त्यांचे दोन मदतनीस. पावसाच्या शिक्षणाची पाहणी करायची म्हणून समिती आधी महाबळेश्वरला गेली. पाऊस तिथे पडतो, एवढा अभ्यास समितीने केला होता. एप्रिलात तिथेही तो नसतो, हे कळायला तिला दोन मुक्काम लागले. मग स्ट्रॉबेरीच्या दोन पेट्या जीपमध्ये घालून, घाट उतरून, एक दिवस उशिराने समिती आमच्या माळावर पोचली.

मी आदल्या दिवसापासून वाडीत होते. शाळेला लागून बायाक्काचं घर. बायाक्का सत्तरीची, एकटी, एक शेळी. पर्जन्यमापकाच्या कुंपणावर दिवसभर नजर तिची. तिची स्वतःची शेळीच त्या कुंपणाची मोठी शत्रू होती, म्हणून ती जास्त कडक. “हाड! गुरुजींचं भांडं हाय त्ये!” असं ती दिवसातून दहा वेळा ओरडायची. भांड्यात काय मोजतात हे तिला माहीत होतं. का मोजतात हे तिने विचारलं नव्हतं. गुरुजी करतात म्हणजे बरंच असणार.

सकाळी साडेआठला नेहमीप्रमाणे मुलं कुंपणात शिरली. बाटली कोरडी. शून्य. वहीत लिहिलं. बायाक्का ओसरीवरून बघत होती. मी तिला म्हटलं, “आज साहेब येणार. हे भांडं बघायला.”

“ह्येच भांडं?”

“हेच.”

ती आत गेली.

पावणेअकराला जीप आली. सकाळची शाळा सुटायची वेळ, तरी एक पोर घरी गेलं नव्हतं. साहेबांनी वह्या चाळल्या. बारा वर्षांच्या बारा. त्यांना वह्या आवडल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ते म्हणाले, “छान ठेवलंय हो. एक प्रात्यक्षिक दाखवा, म्हणजे मी लिहून टाकतो.”

चौथीतला एक मुलगा कुंपणात शिरला. नरसाळं काढलं, बाटली उचलली आणि थबकला.

“गुरुजी, जड लागतीया.”

गुरुजी पुढे झाले. बाटलीत पाणी होतं. गुरुजींनी शबनममधून मापनपात्र काढलं, रुमाल सोडला आणि मोजायला मुलाच्या हातात दिलं. मुलाने चार वेळा ओतून मोजलं आणि हळूच सांगितलं, “सत्त्याण्णव मिलिमीटर.”

डोक्यावर आभाळ असं होतं की त्याला निळं म्हणायलाही जीव होईना. पांढरं फटक. साहेबांनी वर पाहिलं, वही पाहिली, घड्याळ पाहिलं.

“गुरुजी, साडेआठला शून्य. पावणेअकराला सत्त्याण्णव. महाबळेश्वरला पण असा पडत नाही हो.”

मदतनीस खदखदून हसले. पोरं घाबरली. गुरुजी कुणाकडेच बघत नव्हते. त्यांची नजर बायाक्काच्या ओसरीवर होती. तिथे पितळी तांब्या पालथा घातलेला होता, नुकताच, खाली ओल. शेजारी बायाक्का डोक्यावरचा पदर सारखा करत उभी, चेहऱ्यावर असं समाधान की जणू लेकीच्या सासरची माणसं जेवून उठली आहेत.

मला त्या क्षणी राग आला. नंतर समजलं. आमच्याकडे पाहुण्यापुढे रिकामं भांडं धरत नाहीत. शेजारणीची वाटी परत द्यायची तरी चिमूटभर साखर घालून देतात. साहेब एवढ्या लांबून भांडं बघायला आलेले, आणि भांडं कोरडं? त्यात गुरुजींची अब्रू गेली असती. बायाक्काने अब्रू राखली होती. दोन तांबे पाणी ओतून. ते पाणी चौथ्या दिवशी आलेल्या टँकरचं होतं आणि तिच्या घरात त्या दिवशी एकूण दोनच कळशा होत्या.

साहेबांनी तांब्या पाहिला की नाही मला माहीत नाही, पण त्यांना अंदाज आला होता. ते आवाज खाली आणून म्हणाले, “हे बघा, कुणीतरी पाणी ओतलंय. मला पण दिसतंय. कोण ते नाव लिहा, अंगठा घ्या, टँकरचं पाणी ओतलं असा जबाब जोडा. मिटलं. बाकीच्या बारा वर्षांच्या नोंदी मी खऱ्या धरतो.”

“जबाब कुठं जाईल?”

“वर. तहसीलला एक प्रत.”

“आन् तिथं काय म्हणतील?”

साहेब प्रामाणिक होते. “म्हणतील, टँकरचं पाणी डब्यात ओतण्याइतकं जास्त झालंय, तर टँकर कशाला.”

एका बाजूला वाडीचा टँकर आणि एका म्हातारीचा अंगठा. दुसऱ्या बाजूला बारा वर्षं, पाच कलमं आणि गुरुजींच्या मागून येणारा मास्तर. मी गुरुजींच्या कानाशी लागले, “माहीत नाही म्हणा. कुणी तरी पोराने केलं म्हणा.”

“खोटं कसं बोलू?” ते मला मोठ्यानेच म्हणाले. मग साहेबांकडे वळले. “मला माहीत हाय. सांगणार न्हाई. एवढंच लिवा.”

“असं लिहिलं तर अहवाल काय होईल, कळतंय ना?”

“कळतंय.”

साहेबांनी लिहिलं. ‘नोंदींमध्ये बाह्य हस्तक्षेप होतो. संबंधित शिक्षक माहिती दडवितात. सबब नोंदी ग्राह्य धरता येणार नाहीत.’ तीन वाक्यांत बारा वर्षं. मग जाताना त्यांनी मुलांना स्ट्रॉबेरी वाटली, प्रत्येकी एक. माझा एक कयास आहे की ती खात्याने त्या वर्षी वाडीला पुरवलेली सगळ्यात ओली गोष्ट होती. कयास म्हणून सांगितलं, मोजलेलं नाही.

जीप गेल्यावर बायाक्का ओसरीवरून खाली आली. “झालं का गुरुजी चांगलं? आवं, पावनं आलं आन् भांडं कोरडं, बरं दिसतंय व्हय?”

मी तोंड उघडणार होते. गुरुजींनी हात वर केला.

“बायाक्का, तुमचं बरोबर हाय. चूक माझी. बारा वर्षं म्या शाळेत शून्य शिकवलं. कुंपणाच्या पल्याड न्हाई शिकवलं.”

तिला त्यातलं काय कळलं कोण जाणे. पण तिच्या चेहऱ्यावरचं समाधान हळूहळू उतरलं. “म्हंजे म्या इस्कोट केला?”

“किती?” गुरुजी म्हणाले. आणि मग, एवढ्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच, उत्तराची वाट न पाहता त्यांनी ती बाटली उचलली आणि पाणी तिच्या शेळीला पाजलं. शेळीने बारा वर्षं त्या भांड्यावर डोळा ठेवला होता. न्याय मिळाला तो तिला एकटीला.

वहीत त्या तारखेपुढे अजून लिहिलेलं आहे, गुरुजींच्या हातचं, कारण मुलांना काय लिहावं ते सुचेना: ‘पाऊस शून्य. पाहुणचार सत्त्याण्णव.’

विधेयक अर्थातच मांडलं गेलं नाही. आमदारसाहेबांनी दुसरं काहीतरी मांडलं. मी सांगलीला येऊन पेटून पत्रक लिहिलं. त्यात साहेब, समिती, स्ट्रॉबेरी, सगळं होतं आणि ‘एका अडाणी वृद्धेच्या चुकीने’ असा एक शब्दप्रयोग होता. गुरुजींनी एसटीने येऊन प्रूफ वाचलं आणि तेवढ्या शब्दांवर बोट ठेवलं.

“अडाणी कशावरनं? तिला जे शिकवलं त्ये तिनं केलं. साहेबाला जे शिकवलं त्ये त्यानं केलं. शिकवलं कुणी, त्ये छाप.”

ते मला छापता आलं नाही. पत्रक गेलंच नाही.

दोन वर्षांनी सरकारला पर्यावरणाची आठवण झाली आणि एक परिपत्रक आलं. सगळ्या शाळांत पर्यावरण शिकवावं. कसं? घोषवाक्य स्पर्धेने, प्रभातफेरीने, भिंतीवरच्या चित्राने. पर्जन्यमापक नाही, तापमापक नाही, हवा का तापते याचं अक्षर नाही. दर महिन्याला एक तक्ता भरून पाठवायचा. तक्त्यात शेवटचा रकाना: ‘पर्यावरणाची स्थिती, समाधानकारक की अतिसमाधानकारक, खूण करा.’ तिसरा पर्याय नव्हता. गुरुजींचं पाचवं कलम कुणीतरी वाचलं होतं म्हणायचं, आणि नेमकं उलटं करून लागू केलं होतं. गुरुजी दर महिन्याला त्या रकान्यात आकडा लिहायचे. तक्ता दर महिन्याला परत यायचा. दोन वर्षं हे चाललं. कुणीच थकलं नाही.

मग गुरुजी रिटायर झाले आणि सांगलीला लेकीकडे राहायला आले. नवीन शिक्षकांनी पहिल्या आठवड्यात पर्जन्यमापक धुऊन, पुसून कपाटात ठेवलं. सरकारी शाळेतली वस्तू आहे, बाहेर खराब झाली असती. गुरुजींचा अंदाज बरोबर निघाला. ते म्हणाले असते, अंदाज कसला, माहीतच होतं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं त्यानंतर वर्षाने. टँकरवर लिहायचं म्हणून मी वाडीत गेले होते. उन्हाळा होता. शाळेच्या भिंतीवर हिरवं झाड रंगवलेलं, कुंपण गेलेलं. आणि बायाक्काच्या ओसरीवर गुरुजी बसलेले, मांडीवर वही, हातात पेन्सिल.

“गुरुजी, तुम्ही इथं?”

“म्हैन्याला येतो. उतरून घ्यायला.”

“काय?”

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. शेणाने सारवलेली भिंत, आणि तिच्यावर चुन्याच्या बोटाने काढलेल्या गोल गोल खुणा. ओळीने. वर्षभराच्या. अंगणात काट्यांच्या कुंपणात एक उभा, सरळ बाजूंचा पत्र्याचा डबा. बायाक्का रोज सकाळी वडूजची एसटी फाट्यावर हॉर्न वाजवते तेव्हा डब्यात बघायची. कोरडा असेल तर गोल. पाणी असेल तर बोट उभं बुडवायची, जितकी पेरं भिजतील तितक्या आडव्या रेघा.

“बायाक्काचं एक पेर म्हंजे बावीस मिलिमीटर,” गुरुजींनी मला गंभीरपणे सांगितलं. “पट्टीनं मोजलंय.”

मध्ये एका ठिकाणी भिंत मोकळी होती. आठ-दहा दिवसांची जागा.

“तवा लेकीकडं गेल्ते,” बायाक्का म्हणाली. “नातीचं बाळंतपण हुतं.”

मी म्हटलं, “गुरुजी, फाल्गुनात इथं कुठला पाऊस? शून्य टाका की.”

“पडला न्हाई ह्ये वायलं, बघितला न्हाई ह्ये वायलं.” त्यांनी वहीत लिहिलं, ‘नोंद नाही.’

दुपारची एसटी आली. गुरुजी शबनम सावरत उठले. पाय जड झाले होते, दम लागत होता, फाट्यापर्यंत मी सोबत गेले. बायाक्काही काठी टेकत आली. गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून वाकून तिला विचारलं, “उद्या किती?”

“आवं, उद्याचं आज कसं सांगू? बघितल्याबिगर?”

गुरुजी हसले. मी त्यांना हसताना तेव्हा पाहिलं, आधी कधी नाही. गाडी निघाली. पुढचा पावसाळा त्यांनी पाहिला नाही.

सतरा वर्षं भरली आहेत. तीस व्हायला तेरा कमी आहेत. बायाक्काला ती पुरायची नाहीत, तिच्या भिंतीलाही नाहीत, आणि कायदा अजून झालेला नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, हा अंक खाली ठेवा आणि उद्या सकाळी तुमच्या गावच्या सरकारी शाळेत जा. गुरुजींना, बाईंना विचारा, पर्जन्यमापक कुठे आहे? कपाटात असेल तर बाहेर काढायला लावा. नसेलच, तर सरळ बाजूंचा एक डबा उघड्यावर मांडा आणि एका मुलाच्या हातात वही द्या. तुमचा आमदार मतं मागायला येईल तेव्हा त्याला त्या डब्यापाशी न्या, आणि मागच्या वर्षी किती पडला ते विचारा.

आणि तो यायच्या वेळी डबा कोरडा असला, तर कृपा करून त्यात पाणी घालू नका.